रिकबद्दल कुणीच काही बोललं नाही : 'कोलंबो'च्या एका भागावर तुमची मतं

(हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय. 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' तेवढे कमी केलेत, नाहीतर वाचवलं नसतं.)

हेडफोन नीट लावा, लोकलमध्ये असाल तर दाराशी उभं राहून ऐकू नका, आणि चला, सुरू करूया.

मागच्या वेळी मी तुम्हाला गृहपाठ दिला होता. 'कोलंबो' मालिकेचा एक भाग बघायचा आणि व्हॉइस नोट पाठवायची. भागाचं नाव, 'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म'. ७ ऑक्टोबर १९७३ला अमेरिकेत एनबीसीवर पहिल्यांदा दाखवला गेला. म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांचे आई-बाबाही तेव्हा शाळेत गेले नसतील. मला वाटलं होतं चार-पाच जण बघतील आणि बाकीचे 'दादा, फार स्लो आहे' म्हणून सोडून देतील. तुम्ही मला खोटं पाडलंत. इतक्या नोट्स आल्या की दोन रात्री मी त्याच ऐकत बसलो. त्यातली एक नोट अशी होती की तिच्यामुळे आजचा एपिसोड मी जो ठरवला होता तो बाजूला ठेवून वेगळाच करतोय. पण ती शेवटी.

ज्यांनी भाग बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो. स्पॉयलर वगैरे काही नाही, कारण 'कोलंबो'मध्ये खुनी कोण हे पहिल्याच वीस-पंचवीस मिनिटांत दाखवून टाकतात. हीच तर त्या मालिकेची गंमत. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या दोन लेखकांनी हा उलटा साचा टीव्हीवर रुजवला. खून आपल्या डोळ्यांसमोर होतो, खुनी आपल्याला माहीत असतो, मग चुरगळलेला रेनकोट घातलेला एक पोलीस येतो आणि आपण बघत बसतो की हा त्याला पकडणार कसा. 'सीआयडी' बघून मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना सुरुवातीला चुकल्यासारखं होतं. इथे दरवाजा तोडत नाहीत. इथे माणूस दरवाज्यातून बाहेर जातो, परत वळतो, आणि म्हणतो, अजून एकच गोष्ट विचारायची राहिली.

तर गोष्ट. एड्रियन कार्सिनी हा कॅलिफोर्नियात एक वायनरी चालवतो. जीव ओतून चालवतो. पैसे फारसे मिळत नाहीत, पण वाइन अशी की जाणकार मान डोलावतात. अडचण एकच, वायनरी त्याच्या मालकीची नाही. वडिलांनी ती धाकट्या सावत्र भावाच्या, रिकच्या नावावर ठेवलीय. रिक हा गोरागोमटा, खेळाडू, वेगवान गाडी, समुद्रात डायव्हिंग, आणि आता लग्न करणार. एके दिवशी तो येतो आणि सांगतो की वायनरी विकतोय. ती पण कुणाला, तर स्वस्तातली वाइन गॅलनच्या भावाने विकणाऱ्या मारिनो बंधूंना. एड्रियनचा तोल जातो. तो रिकच्या डोक्यात वार करतो. रिक बेशुद्ध पडतो. मग एड्रियन त्याला बांधून आपल्या खासगी तळघरात ठेवतो, तिथलं एअर कंडिशनिंग बंद करतो आणि सेक्रेटरीबरोबर न्यूयॉर्कला लिलावासाठी निघून जातो. परत येतो तोवर रिक गुदमरून मेलेला असतो. मग त्याला डायव्हिंगचा पोशाख चढवून समुद्रात टाकायचं, गाडी काठावर उभी करायची. अपघात झाला.

आणि कोलंबो त्याला पकडतो ते वाइनच्या चवीवरून. एड्रियन न्यूयॉर्कला असताना इकडे उष्णतेची लाट येते. तापमान शंभर फॅरनहाइटच्या पुढे. म्हणजे अडतीस सेल्सियस. अकोला-चंद्रपूरच्या श्रोत्यांनी हसू नये, वाइनला तेवढं पुरतं. एअर कंडिशनिंग बंद, तळघर तापलं, सगळी वाइन खराब झाली आणि एड्रियनला पत्ताच नाही. कोलंबो त्या तळघरातून १९४५ सालच्या पोर्टची एक बाटली गुपचूप काढून नेतो आणि एड्रियनला जेवायला बोलावून हॉटेलवाल्यांकरवी तीच त्याच्या पुढ्यात ठेवतो. एक घोट घेतल्याबरोबर एड्रियन भडकतो. ही वाइन उष्णतेने मेलीय, ही तुम्ही गिऱ्हाइकाला देता कशी! झालं. त्याच्याच जिभेने त्याला पकडून दिलं.

नावात श्लेष आहे तो कळला ना? इंग्रजीत म्हण आहे, वादळात कुठलंही बंदर चालतं. साधारण आपल्या 'बुडत्याला काडीचा आधार'च्या गावाला जाणारी. बंदर म्हणजे पोर्ट, आणि वाइन पण पोर्ट. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोउरो खोऱ्यातली, पोर्तो शहरावरून नाव पडलेलं. गोव्याहून येताना मित्र जी गोड पोर्ट वाइन आणतात, तिच्यावर एड्रियन काय बोलला असता याची मला कल्पनाही करवत नाही.

आता तुमची मतं.

सगळ्यात जास्त नोट्स एकाच सुरातल्या. एड्रियन आवडला. ठाण्याची एक मुलगी म्हणते, 'मला शेवटच्या सीनला रडू आलं.' शेवटचा सीन म्हणजे, कोलंबो त्याला अटक करून आपल्या खटारा गाडीतून नेतोय, वायनरीसमोर गाडी थांबवतो आणि एक बाटली काढतो. मॉन्टेफियास्कोने, जेवणानंतर घेतात ती गोड वाइन. दोघं गाडीतच पितात. एड्रियन त्याला म्हणतो की तू चांगलं शिकलास. कोलंबोला खरंच बरं वाटतं. कोल्हापूरच्या एकाने नोंदवलं की इतर भागांत कोलंबो खुन्याला मनातून तुच्छ मानतो, कारण ते श्रीमंत, माजलेले, याच्या कपड्यांना हसणारे असतात. इथे तसं नाही. इथे दोघंही इटालियन रक्ताचे, दोघंही आपल्या कामात बुडालेले. एकाचं काम वाइन, दुसऱ्याचं काम खुनी. हे निरीक्षण मला आवडलं.

यात मोठा वाटा डोनल्ड प्लेझन्स या नटाचा आहे, ते विसरू नका. 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मधला टकला ब्लोफेल्ड तोच. 'द ग्रेट एस्केप'मध्ये जर्मनांच्या छावणीतला कैदी झालाय आणि दुसऱ्या महायुद्धात हा माणूस स्वतः विमान पाडलं गेल्यावर जर्मनांच्या कैदेत राहून आलेला होता. त्याच्या आवाजात एक मऊ, दुखावलेलं काहीतरी आहे. तो ओरडतो तेव्हाही आपल्याला वाटतं, अरे, याला कुणीतरी पाणी द्या.

आणि कबूल करतो, मीही त्याच पार्टीतला. हा भाग मी बऱ्याचदा बघितलाय आणि दरवेळी मी एड्रियनच्या बाजूला. मला त्याच्यात माझे मोठे काका दिसायचे. त्याच्यावर येतो पुढे.

दुसरी टोळी तज्ज्ञांची. नाशिकजवळ एका वायनरीत काम करणाऱ्या श्रोत्याने सहा मिनिटांची नोट पाठवलीय, आणि मित्रा, तू स्वतःचं पॉडकास्ट सुरू कर. त्याचं म्हणणं, पोर्ट ही काही नाजूक वाइन नाही. आंबण्याची क्रिया चालू असतानाच तिच्यात द्राक्षाचं स्पिरिट घालून ती थांबवतात, म्हणून गोडी राहते आणि अल्कोहोल वीस टक्क्यांच्या आसपास जातं. ती साध्या टेबल वाइनपेक्षा दणकट. एक-दोन दिवसांच्या उन्हाने, ते पण जाड भिंतींच्या तळघरात, इतकी मरेल का, याची त्याला शंका आहे. लेखकांनी पोर्ट निवडली ती शीर्षकातल्या श्लेषासाठी असा त्याचा आरोप. मला पटतोय. पण त्याने दुसरंही सांगितलं. वाइन खूप तापली तर ती प्रसरण पावून बुचाला बाहेर ढकलते, कधी कधी बुचाच्या कडेने झिरपते. म्हणजे एड्रियनसारख्या माणसाने तळघरात शिरल्या शिरल्या ओळखायला हवं होतं. तो ओळखत नाही, कारण त्या क्षणी तो वाइन बघतच नाहीये. त्याला प्रेत उचलायचंय. हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

पुण्याच्या एका लॉच्या विद्यार्थिनीने तर खटलाच चालवला. तिचा प्रश्न, कोर्टात हे टिकेल का? कोलंबोने बाटली चोरली. परवानगी नाही, वॉरंट नाही. अमेरिकेत १९६१च्या मॅप विरुद्ध ओहायो निकालानंतर बेकायदा झडतीतून मिळवलेला पुरावा राज्यांच्या कोर्टांतही चालत नाही, त्यामुळे एड्रियनचा वकील पहिल्याच दिवशी ती बाटली बाहेर काढायला बघेल. उरतो कबुलीजबाब, समुद्रकाठी कोलंबोसमोर दिलेला. आता हेच भारतात घडलं असतं तर? बरोबर उलटं! आपल्याकडे पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. पूर्वी १८७२च्या कायद्याचं कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. मात्र बेकायदा मिळवला म्हणून पुरावा आपोआप बाद होत नाही, सुप्रीम कोर्टाने १९७४च्या पूरनमल प्रकरणात तसं म्हटलंय. म्हणजे तिकडे बाटली अडचणीत, कबुली चालेल. इकडे कबुली बाद, बाटली चालेल. आणि बाटली तर पिऊन झालेली! मी हे ऐकून एकटाच खो खो हसलो. शाब्बास.

तिसरा मुद्दा सेक्रेटरीचा. कॅरन फिल्डिंग. जुली हॅरिसने केलेली भूमिका. हिच्यावरून तुमच्यात चांगलीच जुंपलीय. कॅरनने वर्षानुवर्षं एड्रियनची सेवा केली. तिला कळतं की खून यानेच केलाय. ती त्याच्यासाठी पोलिसांशी खोटं बोलते आणि मग त्या खोट्याची किंमत मागते, माझ्याशी लग्न कर. एड्रियनला त्यापेक्षा तुरुंग बरा वाटतो. बरेच मुलगे म्हणाले, 'ब्लॅकमेलर आहे ती.' मुलींच्या नोट्स वेगळ्या. औरंगाबादची, सॉरी, छत्रपती संभाजीनगरची एक श्रोती म्हणते, 'बाई इतकी वर्षं ऑफिस सांभाळते, ओठ मिटून प्रेम करते, तेव्हा ती गुणी. स्वतःसाठी काही मागितलं की लगेच चेटकीण.' तिचं पुढचं वाक्य मी लिहून घेतलं. 'लेखकांना एड्रियनला आनंदाने तुरुंगात पाठवायचं होतं, म्हणून त्यांनी घरी कॅरन उभी केली.'

खरं आहे हो. लग्न म्हणजे कैद, हा विनोद १९७३ला चालायचा, आपल्या व्हॉट्सॲपवर अजून चालतो. पण भागाच्या बांधणीत त्याचं काम विनोदाच्या पलीकडचं आहे. खुन्याने हसतमुखाने अटक व्हावं असं वाटत असेल तर त्याची सुटका तितकीच वाईट दाखवावी लागते. आणि ते ओझं टाकलं कुणावर? ज्या बाईने त्याच्यासाठी सगळ्यात जास्त केलं, तिच्यावर.

हे सगळं मी व्यवस्थित मांडून ठेवलं होतं. विनोद कुठे, पॉज कुठे, सगळं. आणि मग ती नोट आली.

लातूरचा मुलगा आहे. बारावीला आहे म्हणाला. अकरा सेकंदांची नोट. मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. तो म्हणतो, 'दादा, पोस्टमॉर्टममध्ये म्हणतात ना की रिकने दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. म्हणजे तो तिथे दोन दिवस जिवंत होता ना?'

बस. एवढीच नोट.

मी परत ऐकली. मग बाकीच्या सगळ्या नोट्स परत चाळल्या. वाइन, कायदा, कॅरन, कोलंबोची गाडी, 'धिस ओल्ड मॅन' ही धून जी तो गुणगुणतो (हो, ती पहिल्यांदा याच भागात येते, ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी). रिकबद्दल एकही नाही. नाव येतं, पण कसं? 'तो माजुरडा भाऊ.' 'तो गाडीवाला.' एकाने तर म्हटलंय, 'मेला ते बरंच झालं.' आणि मी, ज्याने हा भाग इतक्यांदा बघितलाय, त्या दोन दिवसांचा विचार मी कधीही केला नव्हता. मला ते पोस्टमॉर्टमचं वाक्य पाठ आहे. माझ्या वहीत ते लिहिलेलं आहे, 'क्लू नंबर दोन' म्हणून. क्लू नंबर एक, गाडी. पाऊस पडून गेला तरी उघड्यावर उभी असलेली गाडी चकचकीत. क्लू नंबर दोन, उपाशी पोट. दोन्ही एकाच रांगेत, एकाच पेनने.

मग मी भाग परत लावला. या वेळी फक्त रिककडे बघायचं ठरवून. आणि मंडळी, बघायला काही ठेवलेलंच नाहीये. तो सुरुवातीला येतो, भांडतो, पडतो, संपलं. जे काही थोडंथोडकं दाखवलंय ते असं निवडलेलं की आपल्याला तो आवडू नये. उन्हात रापलेला, घाईत, मोठ्या भावाला मिळणाऱ्या मानाचं त्याला काही नाही. मग एड्रियन एअर कंडिशनिंग बंद करतो, आणि पुढे आपण न्यूयॉर्कला. विमान, लिलाव, उंची बाटली. कॅमेरा एकदाही त्या तळघरात मागे थांबत नाही. रिक शुद्धीवर आला का? आला असेल तर अंधार होता का? हाक मारली असेल का? दगडी भिंतींपलीकडे कुणाला ऐकू गेली असती? यातलं काहीही आपल्याला विचारू दिलं जात नाही, कारण आपण एड्रियनबरोबर विमानात बसलेले असतो. नंतर आपण त्याच्याबरोबरच परततो, आणि तोवर रिक हा एक निस्तरायचा प्रश्न झालेला असतो.

आता जेवणाचा सीन बघा. माझा सगळ्यात आवडता. एड्रियन घोट घेतो, चेहरा बदलतो, आणि असं दुःख, असा संताप बाहेर येतो की अंगावर काटा येतो. एक सुंदर गोष्ट कुणाच्या तरी निष्काळजीपणामुळे उष्णतेत, बंद जागेत मेली म्हणून तो कळवळतोय. कुणाच्या निष्काळजीपणामुळे? त्याच्याच. आणि त्याच बंद जागेत, तशाच बंद हवेत, अजून कोण मेलं? त्याच्यासाठी अशी कळ मला एड्रियनच्या आवाजात संपूर्ण भागात ऐकू आली नाही. लेखकांनी हे मुद्दाम केलं असेल तर ते फार पोचलेले लेखक आहेत. लिओ पेन हा दिग्दर्शक, शॉन पेनचे वडील. त्यांनी तो सीन काहीही न सुचवता, सरळ घेतलाय. ठरवायचं काम आपल्यावर. आणि आपण काय ठरवलं? 'किती दर्दी माणूस!'

रागात मारलेला एक फटका मी समजू शकतो. म्हणजे माफ नाही, समजू शकतो. पण फटक्यानंतर रिक जिवंत होता. तिथे एड्रियनला थांबता आलं असतं. फोन उचलता आला असता. त्याने त्याऐवजी दोरी घेतली.

आता काकांवर येतो, कबूल केलं होतं म्हणून.

सांगलीला आमची प्रेस होती. आजोबांनी काढलेली. वाटणीत शेत मोठ्या काकांकडे गेलं आणि प्रेसची जागा माझ्या बाबांच्या नावावर. पण प्रेस चालवली काकांनी, जवळपास तीस वर्षं. शिशाचे खिळे एकेक जुळवून छपाई. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल. काकांची बोटं अशी होती की दुसऱ्या टाइपातला एखादा खिळा चुकून मिसळला तर ते न बघता, हाताने ओळखायचे. मी लहानपणी त्यांची परीक्षा घ्यायचो. कधीच हरले नाहीत.

मग कॉम्प्युटर आले, ऑफसेट आलं, प्रेस तोट्यात गेली. आणि २००६ला बाबांनी जागा विकली. तिथे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. खिळे किलोवर गेले.

आमच्या घराण्यात त्या दिवसापासून गोष्ट एकच. मोठा तो कलावंत, धाकट्याने विकून खाल्लं. लग्नात, बारशाला, कुणाच्या दहाव्याला सुद्धा, कुणीतरी हळूच म्हणायचंच. काका आठ वर्षं बाबांशी बोलले नाहीत. आणि मी? मी काकांच्या पार्टीत. कॉलेजमध्ये मित्रांना मी ही गोष्ट सांगायचो तेव्हा बोटांनी खिळा ओळखणारे काका असायचे आणि 'माझ्या वडिलांनी विकलं' एवढं एक वाक्य. कॅमेरा माझ्या हातात होता ना.

बाबांनी का विकलं? तुम्हाला वाटेल आता मी सांगणार की आईच्या ऑपरेशनला पैसे हवे होते वगैरे. नाही. त्यांना पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट हवा होता. कोथरूडला नोकरी, रोज पीएमटीचे धक्के, भाड्याची खोली, घरमालक दर अकरा महिन्यांनी सामान हलवायला लावायचा. त्यांना स्वतःच्या दाराला स्वतःची कडी लावायची होती. याच्यात काही मोठं नाही, काही कलात्मक नाही. मी ज्या खोलीत बसून हे रेकॉर्ड करतोय, ती त्याच फ्लॅटमधली आहे. तुम्हाला मागे जी लिफ्टची घरघर ऐकू येते ना, ती इथलीच.

रिकलाही काही मोठं नको होतं. लग्न करायचं होतं, मजेत जगायचं होतं, आणि जमीन त्याच्या नावावर होती. मारिनो बंधूंची वाइन भिकार असेल, असेलच. पण आवड हलकी असली म्हणून माणूस हलका होतो, हे मी केव्हा मान्य केलं होतं ते मला आठवत नाही. बहुतेक सांगलीलाच.

परवा रात्री बाबांना हा भाग दाखवला. त्यांचं इंग्रजी बेताचं, मी मधेमधे सांगत होतो. काकांचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. ते शांतपणे बघत होते. कोलंबो आवडला त्यांना, म्हणाले, 'हा आमच्या हेडक्लार्कसारखा दिसतो.' शेवटी गाडीतला सीन आला, दोघं वाइन पितात तो. मी बाबांकडे बघत होतो. ते म्हणाले, 'त्या धाकट्याच्या होणाऱ्या बायकोचं काय झालं पुढे?'

मी म्हटलं, दाखवलं नाहीये.

'हं,' म्हणाले, आणि पाणी प्यायला उठले.

खरंय, दाखवलेलं नाही. तिचं नाव जोन. रिक बेपत्ता आहे म्हणून तीच पोलिसांकडे येते, कोलंबोच्या टेबलापर्यंत ती गोष्ट तिच्यामुळेच पोचते. ती आली नसती तर हा भागच झाला नसता. मी तिच्याबद्दल माझ्या वहीत एक ओळ लिहिलेली नाही. या वेळी बघताना लिहिली.

एड्रियन मला अजून आवडतो का? आवडतो. खोटं कशाला बोलू. प्लेझन्सचं काम बघून कुणाला आवडणार नाही? पण आता तो न्यूयॉर्कच्या विमानात बसला की मी त्याच्याबरोबर चढत नाही. मी खाली, तळघरातच राहतो. त्याने भाग बघायला थोडा जड जातो. चालेल.

बरं, पुढच्या वेळचा गृहपाठ. 'मर्डर बाय द बुक', १९७१चा भाग. दोन लेखक मिळून रहस्यकथा लिहितात, त्यातला एक दुसऱ्याला मारतो. दिग्दर्शक कोण माहितीये? स्टीव्हन स्पीलबर्ग, तेव्हा वय चोवीस. चोवीस! मी चोवीसचा होतो तेव्हा एमपीएससीचा फॉर्म चुकवत होतो. बघा आणि नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत, नाशिकवाले मित्रा, तुलाही. आणि लातूरच्या पठ्ठ्या, तुझी परीक्षा झाली की बघ, आधी नको. तुझ्या आईने कुकर बंद केला असेल अशी आशा आहे. भेटूया पुढच्या रविवारी.